डावा हात वर

लवकर येणारा हलका धान कापून झाला की आमच्याकडची हवा बदलते. भातखाचरांत, आमच्या बांध्यांमध्ये, पाणी आटलेलं असतं, पायाखालची माती अजून ओलसर असते, आणि कापलेल्या धानाचे कडपे उन्हात पसरून ठेवले की त्यांचा कोरडा, गोडसर वास थेट रस्त्यापर्यंत येतो. लोकांना या दिवसांत मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, आठवते, मंडईतली नाटकं आठवतात, बोडीतले, गावच्या लहान तळ्यातले, ताजे शिंगाडे आठवतात. मला एक वर्ग आठवतो आणि वर उठलेले हात.

यंदा वास आला त्याच आठवड्यात आमच्या शाळेत सराव पाठांसाठी डी.एड.ची पोरं आली. मी आता इथे मानधनावर शिकवते, म्हणजे पोरांच्या लेखी मॅडम आणि कार्यालयाच्या लेखी तात्पुरती. आलेल्यांत सौरभ नावाचा एक आहे. इस्त्रीचा शर्ट, बगलेत गुंडाळलेला तक्ता. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "मॅडम, मुलांना हाताचं सांगून ठेवलं आहे ना?"

"कशाचं?"

"हाताचं. येते त्यानं उजवा, नाही येत त्यानं डावा."

खडू कुठे ठेवता, असं विचारावं तितक्या सहज तो बोलला. इतके दिवस मला वाटत होतं की हा नियम त्या एकाच शाळेचा होता, त्या एकाच वर्गाचा, आणि तो तिथेच संपला.

मी पत्रकांवर वाढले. पवनीत आमचं दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली कायम कागदांनी भरलेली. बाबा छापखान्यात कामाला होते आणि तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक मोर्चाचं पत्रक त्यांनीच लिहिलेलं असायचं. धरणग्रस्तांचं, विडी वळणाऱ्या बायांचं, अंगणवाडीच्या सेविकांचं. गुलाबी आणि पिवळे कागद, एका बाजूनं छापलेले. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. एका बाजूला जाहीर निषेध, दुसऱ्या बाजूला तेरा साते एक्क्याण्णव. शाळेत 'कमळ' वाचायला शिकवलं त्याआधी मला 'धिक्कार' वाचता येत होतं. त्या कागदांनी माझ्या मनात एक गोष्ट पक्की ठोकली होती. जिथे अन्याय असतो तिथे अन्याय करणारा असतो, त्याला नाव असतं, आणि ते नाव ठळक अक्षरांत छापता येतं.

हे एवढं सामान घेऊन मी वैनगंगेच्या काठाजवळच्या एका गावी सातवीच्या वर्गात उभी राहिले. मीही तेव्हा डी.एड. करत होते, आणि या सरावाच्या काळाला आंतरवासिता म्हणतात. शाळेत मुक्काम नाही, पण रोज हजेरी, रोज पाठ, आणि शेवटी बाहेरून येणाऱ्या परीक्षकासमोर अंतिम पाठ. वर्गाच्या खिडक्यांतून धानाच्या बांध्या दिसत. उजेड पिवळा होऊन आत यायचा. मला वाटलं होतं, या पोरांना कोणी प्रश्न विचारायला शिकवलं नसेल, ते मी शिकवीन. मी तशी तयारी करून आले होते. माझ्या डोक्यात भाषण तयार होतं.

पहिला पाठ वाऱ्यांवर होता. आमच्या पद्धतीत पाठाची सुरुवात प्रस्तावनेनं होते. सोप्या प्रश्नांवरून पोरांना हळूहळू विषयाच्या दारापर्यंत आणायचं, आणि शेवटचा प्रश्न असा टाकायचा की तो कोणालाच येऊ नये. मग वर्ग गप्प झाला की शिक्षकानं म्हणायचं, आज आपण अमुक गोष्टीची माहिती घेणार आहोत. याला हेतुकथन म्हणतात.

मी विचारलं, झाडाची पानं कशानं हलतात. वाऱ्यानं. पतंग कशानं उडतो. वाऱ्यानं. धान कशानं उपणतात. वाऱ्यानं. उत्तरं घंटेच्या टोल्यासारखी येत होती, ना एक क्षण आधी ना नंतर. मग मी शेवटचा प्रश्न विचारला, की वारा नेमका का वाहतो. आणि सगळा वर्ग एकदम विचारात पडला. एका पोरीनं हनुवटीवर बोट ठेवलं. एकानं छताकडे पाहिलं. तिसऱ्यानं कपाळाला आठी घातली. पण पुस्तकं सगळ्यांची आधीच त्या पानावर उघडलेली होती.

ते पाहिलं आणि पुढे काय म्हणायचं ते साफ गेलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरून, ओठ न हलवता, कोणीतरी हळूच बोललं, "हेतुकथन, मॅडम. आज आपण…"

मी म्हटलं, "आज आपण वारे या घटकाची माहिती घेणार आहोत." पहिल्या बाकावरच्या पोरानं समाधानानं मान हलवली.

त्याचं नाव रोशन. मधल्या सुट्टीत मी त्याला व्हरांड्यात गाठलं. "तुला हेतुकथन काय असते ते माहीत आहे?"

"पाचवीपासून पाहून राहिलो ना जी," तो म्हणाला. "दरसाली येतात तुमच्यासारख्या मॅडम. सगळ्या तेच विसरतात. तुम्ही तं फळ्यावर तारीख टाकाले पण विसरल्या. फलकलेखनाचे मार्क गेले तुमचे."

पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. रोशनचा काका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. आमच्याकडे मंडई लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. तेव्हा स्टेजच्या पुढच्या खड्ड्यात बसून नटांना वाक्यं पुरवणारा माणूस लागतोच लागतो. पुतण्यानं ते काम वर्गात आणलं होतं.

"आणखी एक सांगू का मॅडम? तुम्ही कोणाले विचारू कोणाले नाही म्हणून घाबरून राहिल्या होत्या. घाबरू नोका. आम्ही सगळेच हात वर करतो. उजवा दिसला का विचाराचं. डावा दिसला का सोडून द्याचं."

"सगळेच कशाला वर करता?"

"मंग? तुमच्या कॉलेजचे साहेब मागं बसून लिहितात ना, वर्ग निष्क्रिय. तुम्ही नापास व्हान."

त्या दिवशी उरलेले तास मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. मला फक्त हात दिसत होते. दाट पिकासारखे उभे राहिलेले उजवे हात, आणि खिडकीजवळ, रोशनच्या मागच्या बाकावर शेजारीशेजारी दोन डावे. एका पोरीचं नाव दुर्गा, दुसरीचं कांचन.

संध्याकाळी बसमध्ये माझं रक्त उकळत होतं. मनातल्या मनात पत्रकाचा मथळाही तयार झाला होता. सातवीतल्या पोरींना आयुष्यभर डावा हात वर करायला लावणारी व्यवस्था. नाव कोणाचं छापायचं तेही ठरलं होतं. वर्गशिक्षक शेंडे सर. पन्नाशीचे, सतत मोबाइलमध्ये डोकं घातलेले, आमच्या पाठाला मागच्या बाकावर बसून शाळेची माहिती साइटवर भरत राहणारे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरळच विचारलं. चष्मा कपाळावर चढवून ते माझ्याकडे बघत राहिले.

"तुम्हाला वाटते हे मी शिकवलं?"

"मग कोणी?"

"पोरांनी. दोन वर्षांमागे एक मॅडम आल्या होत्या तुमच्यासारख्या. साहेब पाठ पाह्याले बसले आणि वर्गात कोणी तोंडच उघडेना. मॅडम फळ्याकडे तोंड करून रडल्या. पोरांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मैदानात बसून त्यांनी आपसात ठरवलं, कोणाचा कोणता हात. तवापासून इथून कोणी रडत गेलं नाही. मला तर लय दिवस पत्ताच नव्हता."

ज्यांना मी मुक्त करायला आले होते, ती पोरं दोन वर्षांपासून आम्हा मोठ्यांना पाठीवर घेऊन चालत होती, आणि त्यांनी त्याबद्दल कधी तोंडातून शब्दही काढला नव्हता. एका रडणाऱ्या बाईची दया आली म्हणून त्यांनी नियम केला, आणि त्याच दयेनं दोन हात डावीकडे टाकले होते.

रात्री मी बाबांना सगळं सांगितलं. ते विडीबायांच्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. म्हणाले, "काढू पत्रक. कोणाविरुद्ध?"

शेंडे सरांचं नाव आता घेता येत नव्हतं. बाबांनी मान वर केली नाही. "नाव सुचलं की सांग," एवढं म्हणून ते पुन्हा प्रुफात शिरले. ती पहिली वेळ, की मला पत्रकाचा राग आला. पत्रकाला शत्रू लागतो. शत्रू नसला की त्याच्याजवळ बोलायला काही उरत नाही.

पण खरा धक्का अजून यायचा होता. मी रोशनला विचारलं, "दुर्गाला काहीच येत नाही का रे?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ढ आहे. "येते ना. तिले सगळं येते. पण टाइम लागते. तिची जीभ अडकते ना जी. एका उत्तराले लय वेळ घेते. आणि पाठ पस्तीसच मिनिटांचा राह्यते."

म्हणजे डावा हात न येणाऱ्याचा नव्हताच. तो वेळ लागणाऱ्याचा होता. पोरांनी आमचं घड्याळ ओळखलं होतं. परीक्षकाच्या मनगटावरचं, आमच्या पाठाच्या टाचणातलं, प्रस्तावनेला पाच मिनिटं, सादरीकरणाला वीस. त्या घड्याळात जी बसत नव्हती तिला त्यांनी, कसलाही वाईट हेतू न ठेवता, बाजूला बसवलं होतं. दुर्गा धरणाच्या पुनर्वसनातून आलेल्या घरची. गाव पाण्याखाली गेलं, घरं नव्या वसाहतीत आली, आणि नव्या वसाहतीची पोरं या शाळेत.

"आणि कांचन?"

"तिचं काय मालूम नाही. थे पहिले उजवीच होती. दुर्गा तिच्या बाकावर बसाले लागली तवापासून डावी झाली."

त्याच आठवड्यात कांचनचे वडील शाळेत आले. पायांना चिखल, खांद्यावर शेला, हातात विळा तसाच. शेतातून सरळ आले होते. शेंडे सर आणि मी व्हरांड्यात होतो.

"गुर्जी, एक विचाराचं होतं. मंडईले माही बहीण येऊन राहिली नागपूरची. तिले लहान लेकरू हाय, पाह्याले कोणी नाही. म्हणते, कांचनले धाड. पोरगी शिकणारी असन तं नाही धाडत मी. तुमीच सांगा, कशी हाय अभ्यासात?"

सरांनी सुस्कारा टाकला. "गुणाची आहे भाऊ. पण अभ्यासात जेमतेमच म्हणा."

मी म्हटलं, "सर, तिचे मार्क चांगले आहेत."

"पेपरचं काय खरं धरता मॅडम. एकमेकांचं पाहून लिहितात पोरं. वर्ष झालं, वर्गात तिचा उजवा हात मी पाहिला नाही."

वडिलांनी मान हलवली, जणू डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं. "मंग मंडईनंतर दाखला घेऊन जातो," म्हणाले, आणि विळा दुसऱ्या हातात घेऊन निघून गेले. धानाचा भारा बांधावा तसं एका पोरीचं आयुष्य त्यांनी दोन मिनिटांत बांधून ठेवलं. त्यात त्यांचा दोष तरी काय सांगू. ते विचारायला आले होते. न विचारता धाडणारे बाप मी पुष्कळ पाहिले आहेत.

शाळेपासून फाट्यापर्यंतची वाट लांब आहे. त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्या दोघींबरोबर चालले. दोन्ही बाजूंना कापणी चाललेली. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून बाया पाणी पीत होत्या आणि आमच्याकडे पाहून हसत होत्या. "काय वं कांचन, मॅडमले घरी नेऊन राहिली का?" कांचन लाजली.

मी चालता चालता सहज प्रश्न टाकत गेले. ती माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत उत्तर देत होती. हवेचा दाब, विषुववृत्त, पूर्णांक, काहीही. मग दुर्गाचा फाटा आला, ती तिच्या वसाहतीकडे वळली, आणि मी थांबले.

"कांचन, मग हात डावा काहून?"

ती चपलेनं मातीचं ढेकूळ फोडत राहिली. "आधी आणखी दोघं होते जी डावे. एक पोरगं आश्रमशाळेत गेलं. एक पोरगी मामाच्या गावी गेली. मंग दुर्गा एकटीच राह्यली. सारे उजवे आणि थे एकटी डावी. सगळ्याइले दिसते ना."

"म्हणून तू…"

"दोघी असलो का कोणी पाहत नाही."

"तुझे बाबा सरांना विचारायला आले होते. सर काय म्हणाले…"

"मले मालूम हाय. बाबानं सांगतलं घरी."

"तरी?"

"मी उजवा केला तं थे एकटी राहीन ना मॅडम."

लहानपणापासून मी एकजूट हा शब्द इतक्या वेळा घडी घालून, गठ्ठा बांधून, घरोघरी वाटला आहे की तो माझ्या हातांना पाठ आहे. ठळक अक्षरांत, खाली दुहेरी रेघ. तो शब्द एका बारा वर्षांच्या पोरीच्या डाव्या हाताला बसला आहे, वर्षभर मुकाट, आणि त्यासाठी ती सातवी सोडायला निघाली आहे, हे मी कुठे छापलेलं वाचलं नव्हतं. मला तिचा रागही आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, हिला गदगदा हलवावं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "वाटेनं दुर्गा लय गोष्टी सांगते जी. वाट मोठी हाय ना. टाइम पुरते."

त्या वाक्यानं मला उपाय सापडला. कांचनला विचारून काही होणार नव्हतं. कांचनचा हात उजवा व्हायचा तर मला दुर्गाला विचारायला हवं होतं. आणि वाट पाहायला हवी होती. वर्गात, परीक्षकासमोर, त्या पस्तीस मिनिटांत.

मी दुर्गालाच आधी विचारलं, एकटीला, हातपंपाजवळ. तिच्या मागे परस्पर काही करायचं नव्हतं मला. "तुला विचारलं तर चालेल?" ती बराच वेळ पाण्याच्या धारेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सा… साहेब हसतील का?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण मी तुझं वाक्य तोडणार नाही. तिनं घागर उचलली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

अंतिम पाठ मंडईच्या आदल्या दिवशी होता. गावात भोंगे लागले होते, नाटकाची जाहिरात करणारी गाडी रस्त्यानं फिरत होती. परीक्षक आले, चहा झाला, मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांनी टेबलावर ठेवलं. शेंडे सर नेहमीच्या जागी, मागच्या बाकावर, मोबाइलसह. माझा विषय भरती-ओहोटी. या वर्गात समुद्र कोणी पाहिलेला नव्हता, मीही नाही. माझ्या टाचणात पहिला प्रश्न होता, पाणी वर चढताना आणि खाली उतरताना तुम्ही कुठे पाहिलं आहे. अपेक्षित उत्तर, टीव्हीवर.

प्रश्न टाकला. हात वर उठले. उजव्यांचं शेत, आणि खिडकीजवळ दोन डावे.

"दुर्गा," मी म्हटलं.

वर्ग हलला. रोशनचे डोळे मोठे झाले. तो माझ्याकडे पाहून डोळ्यांनी खूण करत होता की चूक झाली मॅडम, डावा आहे, डावा. दुर्गा उभी राहिली. ओठ उघडले, मिटले. बाहेर भोंग्यावर कोणीतरी नटाचं नाव पुकारत होतं. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात बांधून उभी राहिले. माझ्या तोंडात शब्द तयार होता, तिला पुरवायला. तो मी गिळला. रोशन पुढे वाकला, प्रॉम्प्टरसारखे त्याचे ओठ हलायला लागले, तेव्हा मागून कांचननं त्याच्या पाठीत पेन्सिल टोचली.

"उ… उन्हाळ्यात," दुर्गा म्हणाली. मग पुन्हा शांतता. "धर… धरणाचं पाणी उतरते. मंग… आमच्या जुन्या गावात… आमच्या घराची भीत दिसते."

धरणग्रस्तांची किती पत्रकं मी हातांनी घडी केली आहेत. बुडीत क्षेत्र, मोबदला, संपादन. त्या सगळ्या कागदांवर हे वाक्य कुठेच नव्हतं.

"बाबा ना… नावेतून नेते. मी हात लावतो भितीले."

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. मी पुढचा प्रश्न विचारला. पाणी का चढत असेल, का उतरत असेल. हा तो प्रश्न, ज्यावर नियमानं सगळ्यांनी गप्प बसायचं. छताकडे पाहायचं.

एक हात वर गेला. उजवा. कांचनचा.

मागच्या बाकावर मोबाइल खाली ठेवल्याचा आवाज आला.

ती चंद्राबद्दल बोलली, पृथ्वीबद्दल बोलली, आणि तिचं झाल्यावर दुर्गाचाही हात वर होता. उजवा. आम्ही पुन्हा थांबलो. टाचणातला अर्धा पाठ राहून गेला, मूल्यमापन राहिलं, गृहपाठ राहिला. व्हरांड्यातल्या लोखंडी तुकड्यावर टोला पडला, सुट्टीचा, आणि दुर्गाचं वाक्य अजून मधेच होतं. बाहेर सहावीची पोरं धावत सुटली. सातवीतलं कोणी उठलं नाही. मी कोणाला बसा म्हटलं नव्हतं.

मला मार्क काठावरचे मिळाले. शेरा होता, वेळेचे नियोजन नाही. तो खराच होता.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी कांचनचे वडील दाखल्यासाठी आले. सोबत बहीण होती, नवं लुगडं, कडेवर लेकरू. मी माझं सामान बांधायला शाळेत गेले होते. शेंडे सर खुर्चीतून उठलेही नाहीत.

"दाखला आता साइटवरून निघतो भाऊ. साइट बंद आहे."

"कधी सुरू होईन जी?"

"काय सांगावं. वरूनच बंद आहे."

त्यांच्या टेबलावरच्या मोबाइलमध्ये साइट उघडी होती. मी उभी होते तिथून मला ती दिसत होती. मी खऱ्याच्या घरात वाढलेली मुलगी. आमच्याकडे खोट्याला सजा होती. त्या दिवशी ते सरळ, कोरडं, सरकारी खोटं ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसाचं नाव मी ठळक अक्षरांत छापायला निघाले होते, त्याच्याजवळ हत्यार म्हणून एवढंच होतं, आणि ते त्यानं उपसलं. नंतर कळलं, वडील दोनदा आले, तीनदा आले. साइट बंदच होती. बहीण नागपूरला परत गेली. परीक्षा झाल्यावर साइट सुरू झाली, आणि सरांनी वडिलांना दाखला दिला तो आठवीच्या शाळेसाठी.

सौरभला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की इथे हाताचा नियम नाही, आणि जिला वेळ लागतो तिला आधी विचार. तो म्हणाला, "मॅडम, मग पाठ पुरा कसा होईल?" मी म्हटलं, नाही होणार. तो चकित होऊन पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर माझाच जुना चेहरा होता.

परवा मंडईत त्या दोघी भेटल्या. आता दोघीही हायस्कुलात आहेत, एकाच सायकलवर आल्या होत्या. शिंगाड्यांच्या ढिगाजवळ कांचननं हाक मारली. उंच झाली आहे, बोलण्यात धिटाई आली आहे. "मॅडम, तुम्ही अजून तारीख टाकाले विसरता का फळ्यावर?" आम्ही हसलो. भोंग्यावर नाटकाची जाहिरात चालू होती, दळणासारखी एकसुरी. मी दुर्गाला विचारलं, घरचे कसे आहेत, यंदा उन्हाळ्यात जुन्या गावाला गेली होतीस का.

ती बोलायला लागली आणि अडकली. माझ्या तोंडात शब्द गोळा झाले, कदाचित हा, कदाचित तो. कांचननं माझ्याकडे न पाहता माझं मनगट धरलं. ती जिलेबीच्या दुकानाकडे पाहत होती, अगदी निवांत, जणू आम्ही तिघी अजून त्याच लांब वाटेनं चाललो आहोत.

"गे… गेलो होतो," दुर्गा म्हणाली. "पाणी लय उतरलं होतं या… यंदा. पण भीत नाही दिसली, मॅडम. प… पडली."

मी काही बोलले नाही. तिचं अजून संपलं नव्हतं.